वकिलाविरुद्धची तक्रार आणि तिचा माग : पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी

आमच्या वाचनालयात दर शनिवारी माहिती अधिकाराचे अर्ज लिहून द्यायला मी बसतो. रेशन, सातबारा, घरकुल हे नेहमीचे विषय. पण वर्षाकाठी चार-पाच माणसं अशी येतात, की प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढतात, इकडेतिकडे बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "आमच्या वकीलसाहेबांवर आरटीआय टाकता येईल का हो?"

येत नाही. वकील खासगी व्यावसायिक असतो, त्याच्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येत नाही. मात्र त्याला सनद देणारी आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर ती काढून घेणारी बार कौन्सिल संसदेच्या कायद्याने, म्हणजे अधिवक्ता अधिनियम १९६१ ने, स्थापन झाली आहे. म्हणून माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २(ह) प्रमाणे ती सार्वजनिक प्राधिकरण ठरते. तक्रार करायची ती बार कौन्सिलकडे, आणि त्या तक्रारीचं पुढे काय झालं हे माहिती अधिकारात विचारायचं तेही तिलाच. दारं दोन आहेत आणि त्यांच्या चाव्याही वेगळ्या आहेत. लोक नेमकी इथेच गल्लत करतात. तक्रारीत माहिती मागतात, माहितीच्या अर्जात तक्रार करतात, आणि दोन्हीकडून कोरडं उत्तर घेऊन परततात.

मी वकील नाही. खाली लिहिलंय ते कायदा वाचून आणि लोकांच्या फायली चाळून जमलेलं आहे.

आधी दावा वाचवा

समजा, तालुक्याच्या कोर्टात तुमचा वाटपाचा दावा चालू होता. वकील दोन-तीन तारखांना गेले नाहीत आणि दावा 'डिफॉल्ट'मध्ये निघाला, म्हणजे गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला. हे कळलं की माणूस संतापतो आणि पहिला विचार तक्रारीचा करतो. थांबा. दावा पुन्हा फायलीवर घ्या असा अर्ज करायला मुदत आहे फक्त ३० दिवसांची, आणि ती दावा निघाल्याच्या तारखेपासून मोजतात. मुदत उलटली असेल तर उशीर माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा बेसावध पक्षकाराला होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच म्हटलंय. पण त्याचा आधार मिळायला तुम्ही वेळेत कोर्टात जायला हवं. बार कौन्सिल तुमचा दावा जिवंत करू शकत नाही. तो अधिकार कोर्टाचाच.

नवा वकील नेमताना जुन्या वकिलाची 'एनओसी', म्हणजे ना-हरकत, हवी म्हणून गाडं अडतं. आधीच्या वकिलाची संमती असावी असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे खरा. पण संमती मिळत नसेल तर नव्या वकिलाने कारणं देऊन कोर्टाची परवानगी मागायची, अशी सोय त्याच नियमात आहे. एनओसी नाही म्हणून सहा महिने घरी बसू नका.

ही तक्रार होते का?

केस हरलो, हे गैरवर्तन नाही. सल्ला चुकला, हेही बहुतेक वेळा नाही. फी जास्त वाटते, यावर कौन्सिल काही करेल अशी अपेक्षा धरू नका.

गैरवर्तन कशाला म्हणतात? पैसे घेऊन दावाच दाखल न करणं आणि वर खोट्या तारखा सांगत राहणं. पक्षकाराच्या नावे आलेली रक्कम स्वतःच्या खिशात घालणं. एकाच प्रकरणात आधी तुमचं आणि मग समोरच्याचं वकीलपत्र घेणं. निकालातल्या रकमेचा ठरावीक हिस्सा फी म्हणून लिहून घेणं. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन त्यांचा दुरुपयोग करणं. वकिलाने पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवला पाहिजे आणि मागितला तर नकलेचा खर्च घेऊन त्याची प्रत दिली पाहिजे, हेही नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. बहुतेक पक्षकारांना हे ठाऊकच नसतं.

कागद अडवून ठेवणं हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. 'आधी उरलेली फी द्या, मग फाईल.' सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये भोपाळच्या एका प्रकरणात याचा निकाल लावला आहे. एका सहकारी बँकेच्या वकिलांनी सुमारे ९७ हजार रुपये फी बाकी आहे म्हणून बँकेच्या फायली परत दिल्या नाहीत. न्यायालयाने सांगितलं, की पक्षकाराचे कागद म्हणजे गहाण माल नव्हे. फी वसूल करायची तर तिचे मार्ग वेगळे आहेत, फाईल परत द्यावीच लागते आणि न देणं हे गैरवर्तन आहे. त्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट या लेखाला फार जवळची आहे. राज्याच्या बार कौन्सिलकडून तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही, म्हणून ती कायद्याप्रमाणे दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेली आणि खरा निर्णय तिथेच झाला. दिल्लीच्या समितीने १८ महिन्यांची बंदी आणि १००० रुपये दंड सुनावला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो कमी करून नुसती समज दिली. शिक्षा हलकी झाली, पण कागदांबद्दलचा नियम कायमचा ठरला. त्या एका वर्षाकडे आपण पुढे येऊच.

समोरच्या पार्टीच्या वकिलावर तक्रार करायची असेल तर दहादा विचार करा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र-गोव्यातल्याच दोन प्रकरणांत अशा तक्रारी मोडीत काढल्या. एकात बार कौन्सिललाच ५० हजारांचा भुर्दंड बसला, दुसऱ्यात तक्रारदाराला. तक्रारदार आणि वकील यांच्यात पक्षकार-वकील हे नातं साधारणपणे असायला हवं, असं त्या निकालात म्हटलंय. आणि तक्रार शिस्तपालन समितीकडे पाठवताना कौन्सिलने त्यामागची कारणं नोंदवली पाहिजेत, नुसता शिक्का मारून चालणार नाही, हेही. हा निकाल वकिलांच्या बाजूचा आहे असं पाहताक्षणी वाटतं. मला तो तक्रारदारालाही कामाचा वाटतो. का, ते माहिती अधिकाराच्या भागात सांगतो.

पैसे परत हवे असतील तर बार कौन्सिलचं दार तुमचं नाही. १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ग्राहक मंचाचंही नाही. वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असं तिथे ठरलं. भरपाईसाठी दिवाणी दावा आहे. रक्कम लाटली असेल किंवा फसवणूक असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेची कलमं ३१६ आणि ३१८. बार कौन्सिल वकिलाच्या सनदेपुरतं बघते. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे ती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते किंवा नाव यादीतून कायमचं काढू शकते.

कागद गोळा करा, रोजनाम्यापासून सुरुवात

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे रोजनामा. कोणत्या तारखेला काय झालं, कोण हजर, कोण गैरहजर, कोणाचा अर्ज, कोणता हुकूम, सगळं त्यात असतं. 'वकील तारखांना गेलेच नाहीत' हे तुम्ही शंभर वेळा म्हणालात तरी ते तुमचं म्हणणं. रोजनाम्यावर तेच लिहिलेलं असलं की तो पुरावा होतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की तारखांचा इतिहास दिसतो. तो आधी बघा, लागणाऱ्या तारखा खुणावून ठेवा आणि मग कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा.

इथे आरटीआय लावू नका. कोर्टातल्या न्यायिक कागदांच्या नकला कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायच्या, माहिती अधिकारातून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नक्कल अर्जाने काम लवकरही होतं.

मग वकीलपत्राची नक्कल. तुम्ही त्यांचे पक्षकार होतात, हे तिच्यावरून ठरतं. दावा दाखलच केलेला नसेल तर वकीलपत्रही नसणार. अशा वेळी फीची पावती, बँकेतून किंवा यूपीआयने गेलेली रक्कम, व्हॉट्सॲपवरचे निरोप यांवर भिस्त. फोनमधले निरोप पुसू नका, फोन बदलला तर जुना जपून ठेवा. रोख दिलेल्या फीची पावती बहुतेकांकडे नसते. निदान त्या दिवशी बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद, सोबत कोण होतं त्याचं नाव, एवढं तरी लिहून ठेवा.

वकिलाचा नोंदणी क्रमांक लागतो. आपल्याकडे तो 'एमएएच', मग आकडा, मग वर्ष अशा रूपात असतो आणि वकीलपत्रावर किंवा शिक्क्यावर सापडतो. महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या सगळ्यांची बार कौन्सिल एकच, तिचं नाव बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा आणि कार्यालय मुंबईत. वकिलाची नोंद दुसऱ्या राज्यात असेल तर तक्रार त्या राज्याच्या कौन्सिलकडे जाते, मग तो वकिली पुण्यात का करत असेना. पणजीच्या किंवा म्हापशाच्या पक्षकाराचा कागदही मुंबईलाच येतो.

एक पत्र वकिलाला

कायद्याने हे सक्तीचं नाही, तरी मी प्रत्येकाला पाठवायला लावतो. अर्धं पान पुरे. अमुक प्रकरणाचे कागद आणि हिशेब १५ दिवसांत द्यावेत, एवढंच. धमकी नको, 'सनद घालवतो' तर अजिबात नको. पूर्वी आपण हे रजिस्टर एडीने पाठवायचो. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं, तेव्हा आता स्पीड पोस्ट आणि पोच घ्यायची. अनेकदा या पत्रानेच फाईल घरी येते आणि माणूस पुन्हा माझ्या टेबलाशी फिरकत नाही. बरंच आहे.

तक्रार कशी लिहायची

नियम सांगतो, की तक्रार याचिकेच्या रूपात हवी, तुमची सही हवी आणि दिवाणी दाव्यात असतं तसं सत्यापन, म्हणजे वरचा मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून देणं, हवं. साध्या अर्जावर 'आपला नम्र' लिहून पाठवलेली तक्रार त्रुटी काढून परत येते. सोबत ठरलेलं शुल्क लागतं. रक्कम आणि भरण्याची पद्धत, प्रती किती लागतील, हे कौन्सिलच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, म्हणजे खेप वाचेल.

भाषेची काळजी करू नका. इंग्रजी, हिंदी किंवा राज्यभाषा म्हणून घोषित असलेल्या भाषेत तक्रार करता येते. म्हणजे मराठीत चालते. प्रकरण दिल्लीला गेलं तर इंग्रजी भाषांतर राज्य कौन्सिलने करायचं, असंही नियमात आहे. तरी कोणी विश्वासू माणूस भेटला तर महत्त्वाच्या दोन-तीन कागदांचं भाषांतर आधीच करून ठेवावं, असं माझं मत. दिल्लीत रोजनाम्यातलं मराठी कोण वाचणार?

लोकांनी लिहून आणलेल्या तक्रारीत पहिलं वाक्य हमखास असं असतं : 'गैरअर्जदार यांनी विरुद्ध पार्टीशी हातमिळवणी करून माझ्या संपूर्ण कुटुंबाचे वाटोळे केले.' खरंही असेल. पण हातमिळवणी तुम्ही सिद्ध कशी करणार? शिस्तपालनाची चौकशी जवळजवळ फौजदारी खटल्यासारखी कसून होते, शंकेचा फायदा वकिलाला मिळतो. मग मी ते वाक्य खोडतो आणि असं लिहायला सांगतो (निशाणी म्हणजे सोबत जोडलेला क्रमांकित कागद) : 'दि. १२ जून २०२३ रोजी दावा पुराव्यासाठी होता. गैरअर्जदार हजर नव्हते (निशाणी ३, रोजनामा). त्याच दिवशी सायंकाळी त्यांनी मला पुढची तारीख पडल्याचा निरोप पाठवला (निशाणी ४). प्रत्यक्षात दावा त्याच दिवशी काढून टाकण्यात आला होता (निशाणी ५).' चार वाक्यं, तीन निशाण्या. वाचणाऱ्याला हातमिळवणीचा संशय स्वतःहून येऊ द्या.

प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, प्रत्येक परिच्छेदात एकच घटना, तारखेच्या क्रमाने. शेवटी मागणी : कलम ३५ प्रमाणे तक्रार शिस्तपालन समितीकडे पाठवून चौकशी व्हावी. अब्रूची भरपाई, जमीन परत, फौजदारी शिक्षा यांतलं काही मागू नका. खाली सत्यापन, जागा, तारीख, सही. मूळ कागद कधीही देऊ नका. आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयाचा जिना उतरू नका. पोस्टाने पाठवली असेल तर आठवडाभरात फोन करून आवक क्रमांक मागा. पुढचं सगळं गणित त्या क्रमांकावर आणि तारखेवर चालणार आहे.

तक्रार दिल्यावर आत काय होतं

सचिवांचं कार्यालय आधी कागद तपासतं, त्रुटी असेल तर कळवतं. मग तक्रार कौन्सिलपुढे जाते. वकिलाचं म्हणणं बहुधा मागवलं जातं, त्यावर तुम्हाला उत्तर द्यावं लागू शकतं. सकृद्दर्शनी तथ्य वाटलं तर प्रकरण तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. दोघे कौन्सिलने आपल्या सदस्यांतून निवडलेले आणि एक बाहेरचा अनुभवी वकील. या समितीला साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, शपथपत्रावर पुरावा घेणं हे दिवाणी कोर्टासारखे अधिकार कलम ४२ ने दिले आहेत. जो कागद तुम्हाला मिळत नाही तो समितीमार्फत मागवता येतो, तसा अर्ज द्या.

तुम्ही स्वतः उभे राहू शकता, वकील देऊ शकता. तारखेला गैरहजर राहू नका. वकिलावर गैरहजेरीची तक्रार आणि तक्रारदारच गैरहजर, असं एकदा घडलेलं मी पाहिलंय.

मधे कोणी 'मिटवून टाका' म्हणत येईल. मिटवायला हरकत नाही, पण एक जाणून घ्या. तडजोड झाली किंवा तक्रार मागे घेतली, एवढ्याच कारणावर चौकशी बंद करायची नाही, असा नियम आहे. म्हणून 'पैसे द्या, तक्रार काढतो' असा सौदा कागदावर लिहून देण्याच्या फंदात पडू नका. तो उलटून तुमच्याच गळ्यात पडतो.

आता ते एक वर्ष. कलम ३६-ब सांगतं, की राज्य कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात निकाल द्यावा. नाही दिला तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग झालं असं समजायचं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत पाळली जात नसल्याबद्दल नाराजी व्यक्त करून सगळ्या कौन्सिलांना ती पाळायला सांगितलं. कायद्याने घड्याळ लावून दिलंय, पण त्याचा गजर तक्रारदारालाच वाजवावा लागतो. माहिती अधिकार लागतो तो यासाठी.

माहितीचा अर्ज : 'का' विचारू नका

तक्रार देऊन चार-पाच महिने झाले आणि काहीच कळलं नाही, की पहिला अर्ज करा. दुसरा अकराव्या महिन्यात.

नवखा माणूस अर्जात लिहितो : 'माझ्या तक्रारीवर अजून कारवाई का झाली नाही? जबाबदार कोण?' उत्तर येतं : 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.' चीड येते, पण कायदा त्यांच्या बाजूने आहे. कार्यालयाकडे कागदावर किंवा संगणकात जे आहे तेवढंच मागता येतं. त्यांनी नवं मत तयार करून द्यावं असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. म्हणून 'का' मागायचं नाही, जिथे तो 'का' लिहिलेला असेल तो कागद मागायचा.

मी साधारण असा मसुदा देतो (नस्ती म्हणजे फाईल, टिपणी-पानं म्हणजे तिच्यातली कार्यालयीन शेऱ्यांची पानं) :

'विषय : अधिवक्ता अधिनियम १९६१, कलम ३५ खालील माझी तक्रार, आवक क्र. …, दि. …. कालावधी : त्या दिनांकापासून आजपर्यंत. १) सदर तक्रारीच्या नस्तीतील सर्व टिपणी-पानांची प्रत. २) ही तक्रार ज्या बैठकीपुढे ठेवली त्या बैठकीच्या इतिवृत्तातील संबंधित भाग व ठरावाची प्रत. ३) संबंधित अधिवक्त्यांना पाठवलेली पत्रे व जावक नोंदीची प्रत. ४) कलम ३६-ब अन्वये प्रकरण पाठवले असल्यास त्या पत्राची प्रत. ५) नस्तीची प्रत्यक्ष पाहणी.'

बस्स. हे १५० शब्दांच्या आत बसतं, आणि ते मुद्दाम. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. केंद्राच्या नियमांत ती ५०० शब्दांची. छोटा अर्ज दोन्हीकडे चालतो. शुल्क १० रुपये. अर्ज मराठीत करता येतो, माहिती कशाला हवी हे सांगायचं बंधन नाही आणि कोणी विचारलं तरी लिहू नका.

पाचवा मुद्दा लोक गाळतात, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. नस्ती समोर ठेवून तास-दीड तास बसलात की कोणतं पान कुठे अडकलंय ते दिसतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पाहणीचा पहिला तास फुकट, पुढच्या दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. नकलेला पानामागे २ रुपये. आधी पाहणी, मग नेमक्या पानांच्या नकला, असं केलं तर पैसेही वाचतात.

आता सप्टेंबर २०२५ च्या त्या निकालाकडे परत येऊ. कौन्सिलने तक्रार पुढे पाठवताना कारणं नोंदवली पाहिजेत, असं न्यायालय म्हणालं. मग फेटाळताना कारणं नकोत, असं कोण म्हणेल? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ड) तर आधीपासूनच सांगतं, की प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना कळवावीत. तक्रार एका ओळीत फेटाळली गेली तर या कलमाचा उल्लेख करून 'निर्णयाची नोंदवलेली कारणे असलेल्या कागदाची प्रत' मागा. कारणं मिळाली तर पुढच्या अपिलाला खाद्य मिळालं. 'कारणे अभिलेखावर नाहीत' असं उत्तर आलं तर त्याहून चांगलं. तो कागद वरच्या दारात तुमच्या बाजूने बोलतो.

नकार आला तर

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नकार असेल तर कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील त्याच पत्रात देणं बंधनकारक आहे, कलम ७(८). महिना उलटूनही उत्तर आलं नाही तर तो नकारच समजायचा आणि नंतर मिळणारी माहिती फुकट मिळायला हवी.

नकाराच्या दोन सबबी ठरलेल्या असतात. एक, 'चौकशी चालू आहे', म्हणजे कलम ८(१)(ह). यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये चांगलं उत्तर देऊन ठेवलंय : चौकशी चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने चौकशीत अडथळा नेमका कसा येईल ते दाखवावं लागेल. तुमच्याच तक्रारीच्या जावक नोंदीने कोणता अडथळा येतो, एवढंच अपिलात विचारा. हो, अपिलात विचारलेलं चालतं.

दुसरी सबब वैयक्तिक माहितीची, आणि ती अलीकडे जड झाली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या सुटीचं कलम बदललं. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, याचा विचार त्या सुटीतच होता. आता 'वैयक्तिक माहिती' एवढ्यावर नकार देता येतो. हा बदल मला पटलेला नाही. तरी कलम ८(२) शाबूत आहे : जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. शिवाय कलम १० प्रमाणे वैयक्तिक भाग झाकून उरलेलं पान देता येतं. म्हणून अर्जात वकिलाचा पत्ता, मालमत्ता, त्याच्यावरच्या इतरांच्या तक्रारी असलं काही मागून स्वतःच सबब पुरवू नका. तुमच्याच नस्तीपुरतं राहा. पत्रकार किंवा संघटनेला मोठं चित्र हवं असेल तर नावं सोडून आकडे मागावेत : अमुक वर्षी किती तक्रारी आल्या, किती वर्षभरात निकाली निघाल्या, किती कलम ३६-ब खाली दिल्लीला गेल्या.

पहिलं अपील ३० दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. त्यापुढे ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड करू शकतो. पण आयोगाचं अपील लांबतं. त्याची वाट बघत तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या अनुभवात काम बहुतेक पहिल्या अपिलाच्या सुनावणीआधीच होतं. नस्ती कपाटातून टेबलावर येते, कारण आता कोणालातरी तिच्याबद्दल उत्तर द्यायचं असतं.

वर्ष संपलं, किंवा निकाल विरोधात गेला

वर्ष उलटलं असेल तर राज्य कौन्सिल आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया, दोघांनाही एकच पत्र : तक्रारीची तारीख, आवक क्रमांक, कलम ३६-ब, आणि माहिती अधिकारात मिळालेली टिपणी-पानं जोडून. नस्ती प्रत्यक्ष दिल्लीला गेली का, हे पुन्हा माहिती अधिकारात विचारा. कायद्याने प्रकरण वर्ग झालेलं असतं, पण गठ्ठा कोणीतरी पोस्टात टाकावा लागतो.

शिस्तपालन समितीचा निकाल पटला नाही तर आदेश कळवला गेल्यापासून ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, कलम ३७. तिथून ६० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालय, कलम ३८. आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट शिक्क्यासकट जपा, मुदत त्यावरून मोजली जाते.

तक्रार समितीकडे गेलीच नाही, कौन्सिलनेच आधी फेटाळली, तर कलम ३७ चं अपील बसत नाही. तिथे कलम ४८-अ कामाला येतं : ज्या निर्णयावर अपील नाही त्याची नस्ती मागवून तपासण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाला आहे. तसा पुनरीक्षण अर्ज करा, 'कारणे अभिलेखावर नाहीत' हे उत्तर निशाणी १ म्हणून लावा. आणि कौन्सिल निर्णयच देत नसेल, पत्रांना उत्तर नसेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर किंवा पणजीजवळचं पर्वरी, तुमच्या जिल्ह्याला जे खंडपीठ असेल तिथे. त्यासाठी वकील लागेल. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं. जाताना आवक शिक्क्याची पोच, रोजनाम्याची नक्कल आणि माहिती अधिकाराची उत्तरं, तारखेच्या क्रमाने लावून न्या.